प्लास्टर निघालं, तरी हाताची आग थांबेना? हे नाटक नाही, आजार आहे

बांधावरून पाय घसरला, मनगट मोडलं, प्लास्टर झालं. हाड जुळलं, पण हाताची आग काही थांबत नाही. साधा पदर लागला तरी कळ येते. घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा. असं म्हणू नका. या आजाराला 'कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम', थोडक्यात सीआरपीएस म्हणतात. जखम भरते, पण नसा आणि मेंदू दुखण्याचा इशारा देतच राहतात. पुरुषांपेक्षा महिलांमध्ये तो जास्त दिसतो.

लक्षणे : सूज, कातडीचा रंग बदलणे, एक हात गरम किंवा गार लागणे, जास्त घाम, नखे व केसांच्या वाढीत फरक, बोटे आखडणे.

निदान : एकट्या एक्स-रे किंवा रक्त तपासणीवरून हा आजार ठरत नाही. डॉक्टर हात तपासून, दुसरी कारणे वगळून 'बुडापेस्ट निकषां'वर ठरवतात.

उपचार : मुख्य उपाय हालचाल. फिजिओथेरपी, आरशासमोरचा व्यायाम, आधी मऊ मग खरखरीत कापडाने स्पर्शाची सवय. सोबत डॉक्टरांनी दिलेली औषधे. गरज पडल्यास वेदनातज्ज्ञाकडून इंजेक्शन.

हे टाळा : हात सतत गळ्यात बांधून ठेवणे, जोराची मालिश, ओढाताण, बर्फाचा शेक.

प्लास्टरमध्ये असतानाच बोटे निळी पडली किंवा बधिर झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. प्लास्टर निघाल्यावरही आग राहिली, तर 'होईल बरं' म्हणून थांबू नका. लवकर उपचार झाले तर हात कामाला लागण्याची आशा जास्त.