कीर्तिकरांचा ग्रंथ आणि चित्रे काढणारे हात

आपल्या वर्ध्याच्या परिसरात वसंताच्या तोंडाशी पळस फुलतो. तो ओळखावयास शास्त्र लागत नाही. परंतु वाळलेली मुळी विकत घेताना ती खरी की तिच्यासारखी दुसरीच, हे ठरविणे निराळे. तेथे चूक झाली तर ती रोग्याच्या जिवावर बेतते. ही चूक टळावी म्हणून ज्यांनी दीर्घकाळ श्रम केले त्यांत कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

कीर्तिकरांचा जन्म १८४९ चा. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये ते लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढले. मुंबई इलाख्यातील विषारी वनस्पतींवर त्यांनी सचित्र लेखमाला लिहिली. हा शास्त्रज्ञ कवीही होता. टेनिसनच्या काव्यावरून त्यांनी 'इंदिरा' रचली आणि १९०९ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही भूषविले.

त्यांचे मोठे कार्य म्हणजे मेजर बामनदास बसू यांच्यासह सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा ग्रंथ. तो अलाहाबादेच्या पाणिनी कार्यालयातून १९१८ साली निघाला. कीर्तिकर १९१७ मध्येच निवर्तले होते. ग्रंथात हजारांहून अधिक चित्रपट आहेत. शब्दांनी पान 'लांबट' म्हटले तर दहा झाडे डोळ्यांपुढे येतात. चित्र मात्र फूल उकलून दाखविते, केसर मोजून देते, बीज निराळे काढून ठेवते.

ही सारी चित्रे नवी नव्हती. पुष्कळशी जुन्या ग्रंथांवरून उतरविलेली होती. त्यांपैकी एक आधार रॉबर्ट वाइट यांचा, मद्रासेत १८३८ ते १८५३ या काळात निघालेला २१०१ चित्रांचा संग्रह. ती चित्रे रुंगिया आणि गोविंदू या दक्षिणी चित्रकारांच्या हातची. वाइटांनी त्यांचे ऋण मानले. एका ऑर्किडच्या प्रजातीला गोविंदूचे नावही दिले. पुढे ती प्रजाती दुसरीत विलीन झाली, तरी गोविंदूचे नाव इतिहासात टिकले.

१९१८ च्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर कीर्तिकर आणि बसूंबरोबर 'एक निवृत्त आय. सी. एस.' असा नाव न सांगितलेला तिसरा सहकारीही आहे. चित्रकाराला मात्र तेथे तेवढीही जागा नाही. आम्ही कामगारांत वावरलेले. म्हणून आमची नजर प्रथम तेथेच गेली. यात कीर्तिकरांचा मोठेपणा उणा होत नाही. झाडाचे नाव खेड्यातल्या माणसाने सांगितले, फांदी कुणी आणली, चित्र कुणी काढले, ते छापखान्यात कुणी उतरविले, तेव्हा कोठे विद्वानाचा ग्रंथ उभा राहिला.

आज आपल्या गावातही झाडांच्या नोंदी होतात. त्या करताना झाड दाखविणाऱ्या म्हातारीचे नाव, तिला विचारून, वहीत लिहावे. त्याला खर्च पडत नाही, आणि वाइटांनी ते करून दाखविले आहे.