पाण्यातल्या पायऱ्या

2003 साली मी एक नदी तयार केली. गुन्हा म्हणावा इतके ते मोठे नव्हते, पण त्याचा हिशेब अजून चुकता झालेला नाही, म्हणून हा लेख.

कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावी माझे डीटीपीचे दुकान होते. लग्नपत्रिका, वधूवर सूचक अर्ज, निवडणुकीची पत्रके आणि मधूनमधून एखादी स्मरणिका, असा धंदा. एका संस्थेच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी घाटाचा एक जुना फोटो माझ्याकडे आला. पलीकडच्या उंच काठावरून घेतलेला. वर देवळाचे शिखर, खाली उतरत आलेल्या दगडी पायऱ्या. फोटोच्या मागे पेन्सिलीने एवढेच लिहिले होते : ‘घाट, उन्हाळा’. खालचा एक तृतीयांश भाग वाळवीने खाल्ला होता. नदी असायला हवी तिथे नुसती चाळण. संस्थेचे चिटणीस म्हणाले, ‘‘काहीतरी करा, पण रविवारपर्यंत.’’

मी केले ते त्या काळी डीटीपीवाला कोणीही करायचा. वरचा शाबूत भाग उचलला, दुसऱ्या लेअरवर चिकटवला, ‘फ्लिप व्हर्टिकल’ करून उलटा केला आणि खाली आणून जोडला. थोडा ब्लर, थोडी ओपॅसिटी कमी, आडव्या लाटा. जोडावरच्या तीन-चार पायऱ्यांच्या कडा कुरतडलेल्या होत्या. त्या सफाईसाठी कापून टाकल्या. मग लेअर सपाट केले आणि मूळ स्कॅनच्याच नावाने फाइल सेव्ह केली. मुखपृष्ठाचे फार कौतुक झाले. आत छापले : ‘घाटाचे जुने छायाचित्र (उन्हाळा)’.

हा खटाटोप माझ्या टेबलावर कुठून आला, याचा शोध मी नंतरच्या वीस वर्षांत घेतला. पाणी आणि चित्र यांची फसवाफसवी जुनीच आहे. मयसभेत दुर्योधनाने स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून वस्त्रे सावरली आणि पाण्याला जमीन समजून तो आत पडला. छायाचित्रणात हा खेळ फार लवकर सुरू झाला, आणि तो गरजेपोटी. 1850 च्या दशकातल्या कलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असत. समुद्र नीट उमटेपर्यंत थांबावे तर आकाश जळून पांढरेफटक होई. फ्रान्सच्या ग्युस्ताव ल ग्रे याने 1856-57 च्या सुमारास यावर तोडगा काढला : समुद्राची काच वेगळी, आकाशाची वेगळी आणि छापताना दोन्हींचा सांधा क्षितिजाच्या रेषेवर. ढग एका दिवसाचे, लाटा दुसऱ्या दिवसाच्या. लोकांनी ती चित्रे डोक्यावर घेतली. सांधा कुठे लपवायचा हे ल ग्रेला कळले होते; पाणी जिथे संपते ती रेषा डोळा तपासत नाही. मीही माझा सांधा तिथेच लपवला होता, फक्त मला ल ग्रे ठाऊक नव्हता.

संगणकावरचे पाणी दोन वेगळ्या घराण्यांतून आले. एक घराणे हिशेबी. जिम ब्लिन याने 1978 मध्ये दाखवले की लाट प्रत्यक्ष उंचसखल करायची गरज नाही. पृष्ठभाग सपाटच ठेवून प्रत्येक बिंदूपाशी त्याची दिशा तेवढी गणितात डगमगवली की प्रकाश फसतो आणि सुरकुत्या दिसतात. 1980 मध्ये बेल लॅब्जच्या टर्नर व्हिटेड याने डोळ्यातून निघालेला किरण वस्तूवर आपटून पुढे कुठे जातो याचा माग संगणकाला काढायला लावला. पुढच्याच वर्षी लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या नेल्सन मॅक्स याने क्रे-1 या महासंगणकावर मावळतीच्या समुद्राची आणि बेटांची फिल्म बनवली. तिथे प्रतिबिंब मोजून काढलेले होते.

दुसरे घराणे कापाकापीचे, म्हणजे आमचे. मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणारा थॉमस नोल याने 1987 मध्ये मॅकिन्टॉशवर राखाडी चित्रे दाखवण्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांच्या ट्रिकदृश्यांच्या कंपनीत होता. त्याला त्यात दम दिसला. फेब्रुवारी 1990 मध्ये अडोबीने तो फोटोशॉप म्हणून बाजारात आणला. लेअर आले 1994 मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी चिकटवलेला तुकडा एकदा टेकवला की खालच्या चित्रात मिसळून जाई. चुकले तर एक पाऊल मागे जाता येई, दोन नाही. पाण्यासाठी पुढे ‘डिस्प्लेस’ हा फिल्टर आमच्या कामाचा ठरला. त्याला राखाडी छटांचे दुसरे चित्र द्यायचे. 128 क्रमांकाची मधली छटा असेल तिथे काही हलत नाही. त्याहून उजळ आणि त्याहून काळ्या जागी मूळ चित्राचे ठिपके एकमेकांच्या उलट दिशांना सरकतात. लाटांचा नकाशा चांगला असला की उलटे देऊळ झकास थरथरते. लाटा जवळ मोठ्या, दूर बारीक आणि दाट ठेवायच्या, ही युक्ती मला एका सिनेमाच्या बॅनर रंगवणाऱ्याने सांगितली. त्याने संगणकाला कधी हात लावला नव्हता.

पण थरथर कितीही जमली तरी मूळ चूक सुटत नाही, कारण ती लाटांत नाहीच. जॉन रस्किनने ‘मॉडर्न पेंटर्स’च्या 1843 च्या पहिल्याच खंडात ती सांगून ठेवली आहे : प्रतिबिंब ही दृश्याची उलटी नक्कल नव्हे. पाण्याच्या पातळीपासून तुम्ही जेवढे उंच, तेवढाच खोल दुसरा माणूस खाली बसला आहे आणि मधले पाणी काचेसारखे गृहीत धरून तो वर पाहतो आहे, अशी कल्पना करा. प्रतिबिंबात दिसते ते त्याला दिसलेले दृश्य. त्याला छज्जाची खालची बाजू दिसेल, पुलाच्या कमानीचे पोट दिसेल. मागच्या डोंगराला पुढचा काठ झाकून टाकेल.

गणित करून पाहिले. आपण पाण्यापासून 8 मीटर उंचीवर आहोत. समोरचा काठ 60 मीटरवर, आणि देवळाचा कळस त्या काठापासून 25 मीटर मागे, पाण्यापासून 20 मीटर उंच. मग पाण्याच्या रेषेपासून कळसापर्यंत जेवढी उंची डोळ्याला दिसते, त्याच्या साधारण 71 टक्केच प्रतिबिंबाची भरते. माझ्या मुखपृष्ठावर ती पुरी शंभर टक्के होती. शिवाय रंगाचा प्रश्न. फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याच्या 1823 च्या सुमाराच्या सूत्रांप्रमाणे पाणी सरळ खाली पाहणाऱ्याला जेमतेम 2 टक्के प्रकाश परत देते. नजर पाण्याशी 10 अंशांवर तिरपी झाली की सुमारे 35 टक्के. म्हणून पायाशी तळ दिसतो आणि पलीकडे देऊळ. मी ओपॅसिटी सगळीकडे सारखीच ठेवली होती.

दोन वर्षांपूर्वी वास्तुशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. आमच्या घाटाच्या बांधकामाचे टप्पे हा तिच्या प्रबंधाचा विषय. ‘‘सर, तुमच्या मुखपृष्ठावरच्या फोटोत खालच्या पायऱ्या नाहीत. उन्हाळ्यातलाच फोटो आहे, म्हणजे पाणी कमी असणार. तरी नाहीत. म्हणजे त्या नंतर बांधल्या असाव्यात ना?’’ तिने एका परिसंवादात तसे मांडलेही होते.

मी ‘बघून सांगतो’ म्हणालो आणि चार दिवस काही सांगितले नाही. खरे सांगायचे तर उत्तर शोधत नव्हतो, धीर गोळा करत होतो. संशोधक म्हणून गावात माझी जी काही पत आहे ती अशाच जुन्या फोटोंवर उभी आहे. इतरांच्या बखरींतल्या प्रक्षिप्त मजकुरावर मी लेख लिहिले आहेत! पाचव्या दिवशी फोन केला.

ती रागावली नाही. ‘‘मूळ स्कॅन असेल ना, सर?’’ एवढेच विचारले. नव्हता. फोटोच्या मालकांचे घर विकले गेले होते. नव्या इमारतीच्या वेळी माळ्यावरच्या पेट्या कुठे गेल्या ते त्यांच्या मुलांना सांगता आले नाही. वाळवीने खाल्लेल्या त्या तृतीयांशात दोन-चार पायऱ्यांच्या कडा तरी होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. पण माझ्या आठवणीला पुरावा कोण म्हणेल? तिने प्रबंधातले ते प्रकरण बदलले. तळटीपेत मुखपृष्ठ ‘संपादित’ असल्याचे नोंदवले आणि माझे नाव घातले. घालावे असे मीच सांगितले होते.

गेल्या एप्रिलमध्ये ती घाट मोजायला आली तेव्हा आम्ही दोघे पलीकडच्या काठावर, मूळ फोटो जिथून घेतला असेल साधारण त्या जागी गेलो. वारा नव्हता. स्मरणिका मी बरोबर नेली होती. तिने एकदा मुखपृष्ठाकडे, एकदा नदीकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘सर, पायऱ्यांचे माथे बघा.’’

वीस वर्षांत ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. वरून पाहणाऱ्याला पायरीची उभी बाजू दिसते आणि पाय ठेवायचा सपाट माथाही, उन्हाने उजळलेला. पाण्याखालून वर पाहणाऱ्याला माथा दिसणे शक्यच नाही. त्याला फक्त उभ्या बाजू, एकीवर एक चढलेल्या. समोरच्या नदीत तशाच त्या होत्या, काळसर, आखूड. माझ्या मुखपृष्ठावरच्या पाण्यात मात्र प्रत्येक पायरीचा माथा लख्ख चमकत होता. तिने मोजपट्टी काढली आणि पाण्यापासून वर मोजायला घेतले. कोरड्या पायऱ्या अठ्ठावीस भरल्या. मग चपला काढून ती पाण्यात उतरली आणि बुडालेल्या पायऱ्या पायाने चाचपत मोठ्याने आकडे म्हणू लागली. मी लिहून घेत होतो.