बंदुकीवरचा बदाम

१२ डिसेंबर १७८०. तुम्ही दुगाडच्या माळावर उभे आहात. वसईहून पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर मागे टाकला की वज्रेश्वरीच्या बाजूला लागतं, तेच हे दुगाड. पहाटेचं धुकं एवढं दाट आहे की शेजारचा घोडा फुरफुरतो तो ऐकू येतो, दिसत नाही. पेशव्यांचे सरदार रामचंद्र गणेश कानडे या धुक्याच्या भरवशावरच ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल हार्टलेच्या टेकडीवर चालून निघालेत. तुम्ही पुढच्या काळातले, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे: कंपनीच्याच जनरल गॉडार्डनं वसई ११ तारखेलाच घेतली. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेला किल्ला ४१ वर्षांनी हातचा गेला.

आणि धुकं एकाएकी फाटतं. टेकडीवर हार्टलेनं रातोरात मोर्चे बांधून तोफा चढवल्या आहेत. पुढचा तास वर्णन करण्याजोगा नाही. रामचंद्र गणेश पडतात, पेशव्यांच्या चाकरीतला पोर्तुगीज सरदार नोरोन्हा जखमी होतो, फौज मागे फिरते.

ओढ्याकाठी एक शिलेदार तुम्हाला गाठतो. कंपनीच्या कुणा शिपायाची पडलेली बंदूक त्यानं उचलून आणलीय. "तुम्हाला टोपीकरांची अक्षरं लागतात म्हणे. बघा बरं, कुणी घडवली ही?" असं म्हणत तो ओली वाळू घेऊन चापाची पट्टी घासायला बसतो. त्याचा हात धरा. अक्षरं उथळ कोरलेली असतात. चार वेळा घासलं की सपाट. दवानं भिजलेल्या फडक्यानं काजळी टिपा, तेवढं पुरे.

बंदूक आडवी धरा. घोड्याच्या दातांत गारगोटी, खाली रंजकाची वाटी, तिच्याखाली लांबट धातूची पट्टी. पट्टीवर बदाम कोरलाय. त्याचे फुलीनं चार भाग केलेत, चारांत व्ही, ई, आय, सी ही रोमन अक्षरं, आणि डोक्यावर इंग्रजी चारच्या आकड्यासारखी खूण. ही ईस्ट इंडिया कंपनीची गठ्ठ्यांवर मारायची खूण. पुढे मुंबईच्या तांब्याच्या पैशांवरही तीच आली. नाण्यांची आवड असलेल्यानं ती चटकन ओळखली असती. बदाम असला म्हणजे बंदूक कंपनीच्या मालकीची, आणि १८०८ च्या आधीची. त्यानंतर बदामाच्या जागी उभा सिंह आला.

पट्टीवरच एक नाव आणि साल आहे. लंडनचे विल्सन किंवा बार्नेट अशांपैकी कुणी. शिलेदार खुश: "मग हाच लोहार!" इथेच पुढच्या काळातले हौशी संग्राहकही फसतात. नाव कंत्राटदाराचं. नळी एका कारखान्यातली, चाप दुसऱ्याचा, बरेच सुटे भाग बर्मिंगहॅमकडचे. लंडनला जोडणी करून कंपनीला माल दिला की नाव कंत्राटदाराचं लागायचं. माझं मत विचाराल तर नाव सगळ्यात शेवटी वाचावं.

आधी नळीचं बूड बघा. तिथे मुकुटाखाली व्ही, आणि मुकुटाखाली जी-पी ही जोडाक्षरं ठोकलेली दिसतील. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळानं नळी तपासली आणि जादा दारू भरून उडवून पाहिली, त्याच्या या मोहरा. मग नळीची लांबी घ्या: ३९ इंच भरली तर कंपनीचा नमुना, कारण राजाच्या फौजेची नळी तेव्हा ४२ इंची होती. बदाम, मोहरा, लांबी आणि साल एकमेकांशी जुळले, तरच नावाला किंमत. खैबरकडच्या नकली रायफलींत तर व्हिक्टोरिया राणीची अक्षरं आणि खाली १९०१ नंतरचं साल, असली गंमतही सापडते. राणी जानेवारी १९०१ मध्येच वारली होती.

आता २२ वर्षं पुढे या. सालबाईच्या तहानं वसई परत आलीय, आणि ३१ डिसेंबर १८०२ ला त्याच वसईत दुसरा बाजीराव इंग्रजांशी तह करतोय. होळकरांनी पुण्यातून पळवून लावलेला पेशवा आता कंपनीची ६,००० पायदळाची तैनाती फौज पदरी घेतो आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून देतो. त्या शिपायांच्या बंदुका पाहा. बदाम तोच. दुगाडला तो शत्रूच्या हातात होता; आता त्याचा खर्च पेशवाच भरतोय.

परत आपल्या काळात आल्यावर तुमच्या माळ्यावर अशी जुनी बंदूक सापडली, तर पॉलिश करू नका, विकूही नका. दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता न येणारं जुन्या घडणीचं हत्यार १९५९ च्या शस्त्र कायद्यातून वगळलेलं आहे, पण ते तसं आहे का, हे आपण ठरवायचं नसतं. आधी खुणांचे जवळून फोटो काढा आणि पोलीस ठाण्यात कळवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखालीही येऊ शकते, तेव्हा पुरातत्त्व खात्यालाही विचारा.