पुणे विमानतळावरील डिजियात्रा

डिजियात्रा ही भारतातील देशांतर्गत विमानप्रवाशांची ओळख चेहऱ्यावरून पटवणारी ऐच्छिक आणि निःशुल्क व्यवस्था आहे. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर ती मार्च २०२३ च्या अखेरीस सुरू झाली. नोंदणी केलेल्या प्रवाशाला टर्मिनलच्या प्रवेशद्वारावर आणि सुरक्षा तपासणीच्या प्रवेशापाशी ओळखपत्र दाखवावे लागत नाही. कॅमेऱ्यासमोर उभे राहिल्यावर फाटक उघडते. मात्र या व्यवस्थेमुळे अंगझडती आणि हातातील सामानाची क्ष-किरण तपासणी टळत नाही. त्यामुळे डिजियात्रेची नोंदणी करणे कितपत फायद्याचे आहे, याचे उत्तर प्रवासी किती वेळा विमानाने जातो, कोणासोबत जातो आणि चेहऱ्याची माहिती देण्याबाबत त्याचे मत काय आहे, यांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

भारतात विमानतळाच्या इमारतीत शिरतानाच केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान तिकीट आणि ओळखपत्र तपासतात. अनेक देशांत टर्मिनलचे दार सर्वांसाठी खुले असते आणि तपासणी आत गेल्यावर सुरू होते. भारतात पहिली रांग दाराबाहेरच लागते. डिजियात्रेची आखणी प्रामुख्याने ही रांग डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे.

केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने डिजियात्रेचे धोरण ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. ती चालवण्यासाठी २०१९ मध्ये डिजियात्रा फाउंडेशन ही ना-नफा कंपनी स्थापन झाली. तिच्यात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के असून उर्वरित ७४ टक्के वाटा दिल्ली, मुंबई, बंगळूर, हैदराबाद आणि कोची येथील विमानतळ चालवणाऱ्या कंपन्यांकडे आहे. १ डिसेंबर २०२२ रोजी तत्कालीन नागरी विमान वाहतूक मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी दिल्लीत योजनेचे उद्घाटन केले. दिल्ली, बंगळूर आणि वाराणसी ही पहिली तीन विमानतळे होती. दुसऱ्या टप्प्यात पुण्यासह हैदराबाद, कोलकाता आणि विजयवाडा यांचा समावेश झाला. मुंबईत ही सोय ऑगस्ट २०२३ मध्ये, तर गोव्यातील दाभोळी येथे सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली.

कार्यपद्धती

प्रवासी आपल्या मोबाइलवर डिजियात्रेचे अ‍ॅप घेतो. डिजिलॉकरमार्फत आधारची पडताळणी होते आणि त्यानंतर प्रवासी स्वतःचे छायाचित्र काढतो. या दोहोंची जुळणी झाल्यावर तयार होणारे डिजिटल ओळखपत्र त्याच्या मोबाइलमध्येच सांकेतिक स्वरूपात साठवले जाते. प्रवासापूर्वी बोर्डिंग पास अ‍ॅपमध्ये भरून ही माहिती ज्या विमानतळावरून निघायचे आहे, त्या विमानतळाला पाठवावी लागते. फाटकावर बोर्डिंग पासवरील संकेतचौकट वाचली जाते, कॅमेरा चेहरा टिपतो आणि दोन्ही जुळल्यास फाटक उघडते.

नोंदणी एकदाच करावी लागते, परंतु बोर्डिंग पास प्रत्येक प्रवासासाठी नव्याने भरावा लागतो. आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असणे आवश्यक असते. आधारवरील आणि तिकिटावरील नाव जुळणेही आवश्यक असते. मराठी नावांत स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम असल्याने येथे विशेष लक्ष द्यावे लागते. आधारवर तिन्ही नावे आणि तिकिटावर दोनच, किंवा आधारवर माहेरचे आणि तिकिटावर सासरचे आडनाव असल्यास जुळणीत अडचण येऊ शकते. तिकीट काढतानाच आधारप्रमाणे नाव लिहिणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

२०२४ च्या पूर्वार्धात अ‍ॅपची नवी आवृत्ती आणण्यात आली आणि जुन्या वापरकर्त्यांना नवे अ‍ॅप घेऊन पुन्हा नोंदणी करावी लागली.

पुणे विमानतळ

लोहगाव येथील धावपट्टी भारतीय हवाई दलाच्या ताब्यात असून नागरी टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवते. डिजियात्रा सुरू झाली तेव्हा सर्व प्रवासी वाहतूक जुन्या टर्मिनलमधून होत असे. नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले आणि तेथून प्रत्यक्ष उड्डाणे १४ जुलै २०२४ रोजी सुरू झाली. २०२४–२५ या आर्थिक वर्षात या विमानतळावरून एक कोटीहून अधिक प्रवाशांची ये-जा झाली. हिंजवडीतील माहिती तंत्रज्ञान कंपन्या आणि चाकण, भोसरी व तळेगाव येथील कारखाने यांच्या कामानिमित्त सकाळी जाऊन रात्री परतणारा प्रवासी हा येथील वर्दळीचा ठळक भाग आहे. असा प्रवासी सहसा एकटा असतो आणि त्याच्याकडे हातातली एकच पिशवी असते.

पुनावळे परिसरातून होणारा प्रवास

पुनावळे हे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या पश्चिम भागातील उपनगर मुंबई–बंगळूर महामार्गालगत आहे. ताथवडे, रावेत आणि हिंजवडी ही त्याची शेजारची ठिकाणे. लोहगाव शहराच्या दुसऱ्या टोकाला असल्याने येथील प्रवाशाला पिंपरी-चिंचवड आणि पुणे या दोन्ही शहरांची वाहतूक ओलांडावी लागते. महामार्गाखालील पुनावळ्याचा भुयारी मार्ग गर्दीच्या वेळी कोंडीसाठी ओळखला जातो. पुणे मेट्रो पुनावळ्यापर्यंत किंवा विमानतळापर्यंत जात नाही. मात्र पीसीएमसी स्थानकावरून जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून रामवाडीपर्यंत आणि तेथून रिक्षाने किंवा बसने विमानतळावर जाता येते.

या परिसरातून निघणाऱ्या प्रवाशाचा बहुतांश वेळ आणि सर्वाधिक अनिश्चितता रस्त्यावर असते. डिजियात्रेमुळे वाचणारी मिनिटे दारावरची असतात. घरून उशिरा निघण्याचे कारण म्हणून तिच्याकडे पाहता येत नाही; उशीर झालाच, तर शेवटच्या टप्प्यात तिचा आधार होतो. तोही केवळ हातातले सामान असणाऱ्याला. बहुतेक विमान कंपन्या देशांतर्गत उड्डाणाच्या सुमारे ६० मिनिटे आधी सामान स्वीकारणे बंद करतात आणि ही मुदत डिजियात्राधारकालाही तितकीच लागू असते.

पुनावळ्याजवळच किवळे येथे मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. ९४.५ किलोमीटर लांबीचा हा मार्ग कळंबोलीला संपतो. त्यापुढे असलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाल्याने या भागातील प्रवाशांना आणखी एक पर्याय मिळाला आहे. डिजियात्रेची नोंदणी एका विमानतळापुरती नसते. ती योजनेत सामील असलेल्या कोणत्याही विमानतळावर चालते. दोन-तीन विमानतळांचा आलटून-पालटून वापर करणाऱ्यांना याचा उपयोग होतो.

लाभ आणि मर्यादा

डिजियात्रेचा लाभ दाराबाहेरची नेहमीची रांग लांब आणि डिजियात्रेची रांग आखूड असताना दिसतो. पहाटे आणि सायंकाळी अनेक उड्डाणे एकापाठोपाठ असतात, तेव्हा हा फरक जाणवतो. दुपारच्या निवांत वेळी तो जवळजवळ उरत नाही. नोंदणी करणारे जसे वाढतात, तशी डिजियात्रेची रांगही लांबते.

त्यापुढील सुरक्षा तपासणी सर्वांना सारखीच असते. लॅपटॉप वेगळा ठेवणे, धातुशोधक चौकटीतून जाणे आणि जवानाकडून होणारी तपासणी यांत सवलत नाही. प्रत्येक प्रवाशाची नोंदणी स्वतंत्र असल्याने कुटुंबातील एखाद्याकडे, विशेषतः स्मार्टफोन न वापरणाऱ्या ज्येष्ठांकडे, ती नसेल तर उरलेल्यांना आत जाऊन त्यांची वाट पाहावी लागते किंवा सर्वांनाच नेहमीच्या रांगेत उभे राहावे लागते. फाटकाने चेहरा न ओळखल्यास किंवा मोबाइल बंद पडल्यास ओळखपत्र दाखवावेच लागते. त्यामुळे नोंदणी असली तरी मूळ ओळखपत्र जवळ बाळगणे हिताचे ठरते.

गोपनीयतेविषयीचे मतभेद

योजनेसाठी पैसे मोजावे लागत नाहीत. प्रवासी देतो ती चेहऱ्याची माहिती. संकेतशब्द फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. या मुद्द्याभोवती डिजियात्रेवरील टीका केंद्रित आहे.

फाउंडेशनच्या म्हणण्यानुसार प्रवाशांची माहिती कोणत्याही मध्यवर्ती भांडारात साठवली जात नाही आणि विमानतळाला पाठवलेली माहिती उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या संस्थेने २०१८ च्या धोरणातील अपवादांकडे लक्ष वेधले आहे. सुरक्षेच्या गरजेनुसार माहिती पुसण्याची मुदत बदलण्याची आणि सरकारी यंत्रणांना माहिती उपलब्ध करून देण्याची मुभा त्या धोरणात होती. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मधील चेहरा ओळखण्याच्या तंत्रज्ञानावरील आपल्या टिपणात डिजियात्रेचाच अभ्यास केला होता.

२०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या प्रारंभी काही विमानतळांवर प्रवाशांना पुरेशी कल्पना न देता त्यांचे चेहरे टिपून नोंदणी केली जात असल्याच्या तक्रारी आल्या. खासदार साकेत गोखले यांनी हा प्रश्न मंत्रालयाकडे मांडला होता. डिजियात्रा ऐच्छिक असल्याचे मंत्रालयाने त्यानंतर स्पष्ट केले. डिसेंबर २०२४ मध्ये ही माहिती प्राप्तिकर विभाग वापरणार असल्याच्या बातम्या आल्या. त्यांचा सरकारने आणि फाउंडेशनने इन्कार केला.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट आणि माहितीपूर्ण असावी लागते व ती मागे घेता येते. नोंदणी नाकारणाऱ्या प्रवाशाला नेहमीच्या दाराने प्रवेश मिळतोच.

आंतरराष्ट्रीय प्रवास

डिजियात्रा केवळ देशांतर्गत प्रवासासाठी आहे. परदेशी जाणाऱ्यांसाठी गृह मंत्रालयाने २२ जून २०२४ रोजी दिल्ली विमानतळावर ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम’ सुरू केला. तो भारतीय नागरिक आणि प्रवासी भारतीय नागरिकत्व (ओसीआय) कार्डधारक यांच्यासाठी आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्यात मुंबईसह सात विमानतळे जोडली गेली. त्यांत पुण्याचा समावेश नव्हता. यासाठी बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवावा लागतो. नोंदणी कमाल पाच वर्षे किंवा पारपत्राच्या मुदतीपर्यंत, यांपैकी जे आधी संपेल तोवर वैध असते. ही सवलत पारपत्र तपासणीपुरती आहे.

सुरक्षा तपासणीतच सवलत देणारी योजना अमेरिकेत आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या टीएसए प्रीचेकमध्ये पूर्वचौकशी झालेल्या प्रवाशाला बूट, पट्टा आणि लॅपटॉप काढावा लागत नाही. ती अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यापुरती मर्यादित आहे. ग्लोबल एंट्री ही दुसरी योजना २०१७ पासून भारतीय नागरिकांनाही खुली आहे; तिचे पाच वर्षांचे शुल्क ऑक्टोबर २०२४ पासून १२० डॉलर असून तिच्यात प्रीचेकचा समावेश होतो. मुलांकडे वारंवार जाणाऱ्या पालकांपेक्षा वर्षातून अनेकदा ये-जा करणाऱ्या नोकरदारांना ती अधिक परवडते. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने सर्वच प्रवाशांसाठी बूट काढण्याची सक्ती रद्द केली, तेव्हा प्रीचेकचा एक मोठा लाभ आपोआप कमी झाला.

हेही पहा

पुणे विमानतळ
नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ
आधार
केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल
पुनावळे