घरच्या सर्व्हरमधला चाळीस वर्षांचा ब्रिज

घरातल्या जुन्या संगणकाचा सर्व्हर करून त्यावर दोन-चार व्हर्च्युअल मशीन चालवायची, तर आधी सहसा एक नेटवर्क ब्रिज बांधावा लागतो. तो बांधला की प्रत्येक मशीनला घरच्या राउटरकडून स्वतंत्र आयपी पत्ता मिळतो आणि घरातल्या मोबाइल-लॅपटॉपना ते वेगळा, खराखुरा संगणक असल्यासारखे दिसते. हे काम आज कॉन्फिगरेशनच्या मोजक्या ओळींत आटोपते. त्या ओळींमागचा बहुतेक विचार मात्र १९८० च्या दशकात, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीत झाला आहे.

सुरुवात झाली ती केबलच्या लांबीपासून. बॉब मेटकाफ यांनी १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ती प्रत्यक्षात आणली. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून सेकंदाला १० मेगाबिट वेगाचे मानक प्रसिद्ध केले. सगळे संगणक एकाच जाड केबलवर बोलत. दोघे एकदम बोलले की संदेशांची टक्कर होई, आणि संदेश पाठवून संपायच्या आत ती टक्कर पाठवणाऱ्याला कळणे गरजेचे होते. म्हणून अंतराला मर्यादा आली. केबलचा एक तुकडा फार तर ५०० मीटरचा, आणि क्षीण झालेला संकेत पुन्हा जोरदार करणारे रिपीटर लावूनही दोन संगणकांमध्ये सुमारे अडीच किलोमीटरच्या पुढे जाता येईना.

वेगवेगळी नेटवर्के जोडणारे राउटर तेव्हाही होते, पण ते सगळ्यांच्या उपयोगाचे नव्हते. टर्मिनलना संगणकाशी जोडणारा डिजिटलचाच ‘लॅट’ हा प्रोटोकॉल थेट इथरनेटवर चाले. पुढच्या नेटवर्कचा रस्ता सांगणारा पत्ता त्याच्या संदेशात नसेच. राउटरने वाचायचे काय?

डिजिटलचे अभियंते मार्क केम्फ यांनी यावर दोन केबलींच्या मध्ये बसणारे यंत्र, म्हणजेच ब्रिज, सुचवले. ते दोन्ही बाजूंचा प्रत्येक संदेश ऐकते आणि पाठवणाऱ्याचा पत्ता कोणत्या बाजूने आला, याची नोंद ठेवते. संदेश ज्याच्यासाठी आहे तो त्याच बाजूला असेल, तर संदेश पलीकडे जाऊ देत नाही. दुसऱ्या बाजूला असेल तर पोचवते. ठाऊकच नसेल तर संदेश आला ती बाजू सोडून बाकी सगळीकडे पाठवते. संगणकांना यातले काहीच कळत नाही, त्यांच्यात एका अक्षराचाही बदल करावा लागत नाही. ब्रिजचे सगळे यश या अदृश्यपणात आहे.

धोकाही तिथेच होता. एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून कोणी दोन केबलींमध्ये दोन ब्रिज लावले, की वर्तुळ तयार होते. इथरनेटच्या संदेशाला आयुष्याची मर्यादा नसते. सर्वांसाठीचा प्रत्येक संदेश या वर्तुळात फिरत राहतो, अशा संदेशांची गर्दी वाढत जाते आणि थोड्याच वेळात नेटवर्क गुदमरते.

हा पेच सोडवला डिजिटलमधल्याच रेडिया पर्लमन यांनी. ब्रिजची संख्या कितीही वाढली तरी प्रत्येक ब्रिजला लागणारी मेमरी वाढू नये, अशी अट त्यांच्या वरिष्ठांनी घातली होती. पर्लमन यांचा ‘स्पॅनिंग ट्री’ अल्गोरिदम त्या अटीत बसला. सगळे ब्रिज आपापले ओळखक्रमांक एकमेकांना कळवतात, सर्वांत लहान क्रमांकाचा ब्रिज मूळ ठरतो, बाकीचे त्याच्याकडे जाणारा सर्वांत जवळचा मार्ग ठेवतात आणि जादा वाटा बंद करतात. चालू वाट तुटली की बंद वाट आपोआप उघडते. त्यांचा हा शोधनिबंध १९८५ मध्ये आला, आणि १९९० मध्ये त्याला आयईईईच्या ८०२.१डी मानकात स्थान मिळाले.

त्याच वर्षी विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकाच्या ‘कल्पना’ कंपनीने सात पोर्टचा इथरनेट स्विच बाजारात आणला. स्विच म्हणजे अनेक पोर्टचा, वेगवान ब्रिजच. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. पुढच्या काळात ब्रिजचे वेगळे यंत्र ऑफिसांतून दिसेनासे झाले आणि ब्रिज सॉफ्टवेअरमध्ये शिरला. १९९९ च्या व्हीएमवेअर वर्कस्टेशनने व्हर्च्युअल मशीन थेट खऱ्या नेटवर्कला जोडण्याची सोय दिली. लिनक्सच्या २००१ मध्ये आलेल्या २.४ कर्नलमध्ये लेनर्ट बॉयटेनहेक यांनी नव्याने लिहिलेला ब्रिज होता. २००७ मध्ये व्हर्च्युअल मशीन चालवणारे केव्हीएम लिनक्स कर्नलमध्ये दाखल झाले आणि घरच्या साध्या संगणकावरही ही सगळी मांडणी फुकटात करता येऊ लागली.

आजच्या सेटिंगमधल्या खाचाखोचा या इतिहासातून उलगडतात. ब्रिज बांधल्यावर सर्व्हरचा आयपी पत्ता नेटवर्क कार्डावरून काढून ब्रिजला द्यावा लागतो, कारण कार्ड आता ब्रिजचे नुसते एक पोर्ट झालेले असते. हा बदल दुरून लॉगिन करून केला आणि एखादी ओळ चुकली, तर संपर्कच तुटतो. म्हणून तो सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडूनच करावा. लिनक्सचा ब्रिज शिकलेला पत्ता आजही ३०० सेकंदांनी विसरतो. जुन्या मानकाने सुचवलेला कालावधी तोच. नवे पोर्ट संदेश नेऊ लागण्याआधी स्पॅनिंग ट्री १५ सेकंद नुसते ऐकते आणि १५ सेकंद पत्ते शिकते. वर्तुळाची शक्यता नसलेल्या घरात हे थांबणे नकोसे असते, म्हणून व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रॉक्समॉक्स ही प्रणाली आपल्या ब्रिजवर स्पॅनिंग ट्री बंद आणि विलंब शून्य ठेवते. वायफायवर मात्र हा ब्रिज सहसा चालत नाही. ॲक्सेस पॉइंट त्याच्याशी जोडल्या गेलेल्या पत्त्यांशीच व्यवहार करतो, आणि व्हर्च्युअल मशीनचा पत्ता त्याच्या यादीत नसतो. तिथे केबलच लागते.

वेग वाढावा म्हणून सर्व्हरची दोन नेटवर्क कार्डे एकाच ब्रिजमध्ये घालून दोन्ही केबली घरच्या एकाच स्विचला जोडण्याचा मोह होतो. पर्लमन यांना ज्या वर्तुळाने कामाला लावले, ते इथे जसेच्या तसे उभे राहते. तसे करायचेच असेल तर दोन्ही कार्डांचा आधी बाँड करावा, म्हणजे ती मिळून ब्रिजला एकच कार्ड दिसतील, नाहीतर दुसरी केबल जोडण्यापूर्वी स्पॅनिंग ट्री चालू करावे.