वाचनखुणांचा शोध आणि मराठी सामान्यरूप

१९९४ साली आलेल्या नेटस्केप न्याहाळकाने जालपत्त्यांच्या वाचनखुणा साध्या मजकुराच्या संचिकेत ठेवल्या. अशा मजकुरातून अक्षरे शोधणारी ‘ग्रेप’ ही आज्ञा केन टॉम्प्सन यांनी युनिक्ससाठी १९७३ मध्येच रचली होती. पुढे ‘बुकू’ या आज्ञावलीने पत्ता, शीर्षक व खूणशब्द एकत्र आणले.

तथापि ‘ग्रेप’चा शोध अक्षरानुसारी असतो, हे मराठी अभ्यासकाने ध्यानी घ्यावयास हवे. बीड जिल्ह्यातील ‘कडा’ हे ग्रामनाम शोधले असता ‘कड्याचा’, ‘कड्यास’ ही रूपे सापडत नाहीत. कारण सामान्यरूपात ‘आ’चा ‘या’ होतो. केवळ ‘कड’ शोधावे, तर ‘कडधान्य’ही पुढे येते. १९६२ च्या नियमांपूर्वीचे ‘कांहीं’ आजच्या ‘काही’ने हाती लागत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीस मूळरूपाचा खूणशब्द जोडणे अगत्याचे. अन्यथा जपलेला संदर्भ असून नसल्यासारखाच.