तळटीप : सुपरचार्जरचा बायपास व्हॉल्व्ह

* बायपास व्हॉल्व्ह : सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, गाडी सिग्नलला उभी असली तरी तो हवा ढकलतच असतो. ही नको असलेली हवा सुपरचार्जरच्या पुढून पुन्हा मागे, शोषणाच्या बाजूला वळवणारी झडप म्हणजे बायपास व्हॉल्व्ह. २००२ ते २००६ दरम्यानच्या मिनी कूपर एसमध्ये १.६ लिटरच्या इंजिनावर ईटन कंपनीचा एम ४५ सुपरचार्जर होता; त्याची झडप निर्वातावर चालते. ॲक्सिलरेटर थोडाच दाबलेला असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो. तो डायफ्रॅम ओढतो, झडप उघडते, हवा आतल्या आत फिरते आणि सुपरचार्जर ओढण्यात जाणारी इंजिनाची ताकद वाचते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की निर्वात ओसरतो, स्प्रिंग झडप मिटवते आणि बूस्ट चढतो. (टर्बोचार्जरची वेस्टगेट एक्झॉस्टचा वायू वळवते, ताजी हवा नव्हे.) बूस्टची कमाल मर्यादा मुख्यतः पुलीच्या आकारावर ठरते. त्यामुळे सुस्थितीतली झडप बदलून ती वाढत नाही. मजकुरातला तसा उल्लेख पुलीबद्दलचा समजावा. — संपा.